सव्यभिचार, चिलटं आणि दहावा माणूस

मी तत्त्वज्ञान स्पेशल घेतलं तेव्हा वर्गात आम्ही सात जण होतो, मला धरून. ‘मला धरून’ हे मुद्दाम लिहितेय, त्याचं कारण पुढे येईल.

आमची खोली पॅसेजच्या पार टोकाला होती. पूर्वी तिथे भूगोलाचे नकाशे ठेवत, त्यामुळे कोपऱ्यात गुंडाळलेल्या नकाशांचा एक भारा शेवटपर्यंत उभाच राहिला. मधोमध लांबट टेबल, भोवती आठ खुर्च्या, आठवी मॅडमची. मागचा बाक नावाची सोयच नव्हती. डुलकी आली तर ती सगळ्यांच्या देखत यायची. कोण वाचून आलंय आणि कोण नाही, हे तोंड उघडायच्या आत कळायचं. एक जण आला नाही की हजेरी एकदम 14 टक्क्यांनी खाली. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एकाने विचारलं, “मॅडम, इतक्या कमी मुलांना शिकवायला कंटाळा नाही येत?” त्यांनी शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाची गोष्ट सांगितली. 1820मध्ये बर्लिनच्या विद्यापीठात त्याने हट्टाने आपली व्याख्यानं नेमकी तेव्हाच्या नावाजलेल्या हेगेलच्या तासाच्या वेळी ठेवली. हेगेलकडे गर्दी लोटली आणि याच्यासमोर मोजकीच डोकी उरली. “माझ्या शेजारच्या खोलीत हेगेल नाही,” मॅडम म्हणाल्या, “मी फार सुखात आहे.”

त्या खरंच सुखात होत्या आणि आम्हीही. त्या तीन वर्षांत मी जितकी हसले तितकी त्याआधी कधी हसले नव्हते. त्या हसण्याबद्दल लिहावंसं किती तरी दिवस वाटत होतं. तत्त्वज्ञान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दाढी, उसासे आणि जगाचा वीट आलेला माणूस येतो. बोलता बोलता कुणी जरा खोलात शिरलं की आपण लगेच म्हणतो, “उगाच फिलॉसॉफी झाडू नकोस.” झाडायची वस्तू! मला या वाक्प्रचाराचा पूर्वी राग यायचा. आता येत नाही, कारण तत्त्वज्ञाला हसणं हे तत्त्वज्ञानाइतकंच जुनं आहे.

थेलीस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाची गोष्ट प्लेटोने लिहून ठेवली आहे. ताऱ्यांकडे बघत चालता चालता तो विहिरीत पडला आणि थ्रेसची एक दासी खळखळून हसली: आकाशात काय चाललंय ते याला हवं, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. ही गोष्ट ऐकून आम्ही हसलो, तर मॅडमनी लगेच दुसरी विहीर दाखवली. न्यायसूत्रांचे, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथाचे, कर्ते गौतम, त्यांना अक्षपाद म्हणतात, म्हणजे ज्यांच्या पायांना डोळे आहेत ते. या नावामागची एक दंतकथा अशी की तेही विचारात बुडून चालताना विहिरीत पडले, आणि देवाला दया येऊन त्याने त्यांच्या पायांना डोळे दिले. दोन देश, दोन विहिरी. एकीकडे हसणारी दासी, दुसरीकडे पायांना डोळे. मला आपली गोष्ट जास्त आवडते. ज्याच्या पावलांना डोळे फुटले, त्याच्याच नावावर पुढे ‘खरं ज्ञान कशाकशातून मिळतं’ याचा अख्खा हिशेब मांडणारं दर्शन उभं राहिलं, यात मला मोठा न्याय दिसतो. (थेलीसनेही उट्टं काढलं म्हणतात. ऑलिव्हचं पीक भरघोस येणार हे ताऱ्यांवरून ताडून त्याने आधीच सगळे घाणे भाड्याने घेऊन ठेवले आणि हंगामात चांगले पैसे कमावले. हे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो.)

आता त्या टेबलाबद्दल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात टेबल हे फर्निचर नसतं, ते उदाहरण असतं. ‘हे टेबल खरंच आहे का?’ हा प्रश्न आमच्यासमोर दर आठवड्याला यायचा आणि ते बिचारं तिथेच उभं असायचं, एका आखूड पायाखाली घडी घातलेला कागद घेऊन. बर्कली या आयरिश तत्त्वज्ञाचं मत शिकत होतो: असणं म्हणजे जाणवलं जाणं. जाणिवेबाहेर स्वतंत्र जडद्रव्य म्हणून काही नाही. आमच्यातल्या सगळ्यात उंच मुलाला ते असह्य झालं. त्याने मूठ वळली आणि दाणकन टेबलावर आपटली. “हे घ्या! आहे की नाही?” पायाखालची घडी निसटली, टेबल कललं, मॅडमची वही घसरून थेट नकाशांच्या भाऱ्यापाशी गेली, आणि तो मूठ तोंडाशी धरून फुंकर घालत बसला.

मॅडमना इतका आनंद झालेला मी फार क्वचित पाहिला. कारण 1763मध्ये इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनने अगदी हेच केलं होतं. त्याचा मित्र आणि चरित्रकार बॉझवेल त्याला म्हणाला, बर्कलीचं म्हणणं खोटं आहे हे कळतं, पण खोडून काढता येत नाही. जॉन्सनने एका मोठ्या दगडाला जोरात लाथ मारली आणि म्हणाला, मी हे असं खोडतो. “दोनशे वर्षांनी,” मॅडम त्या मुलाला म्हणाल्या, “तू न वाचता तिथे पोचलास.” मग वही उचलून त्यांनी शांतपणे विचारलं, “तुला काय जाणवलं?” कठीणपणा, म्हणाला. वेदना. आवाज. “बर्कली यातलं काय नाकारतो?”

खोली गप्प झाली. बर्कली कठीणपणा नाकारत नाही, वेदनाही नाकारत नाही. तो इतकंच म्हणतो की या सगळ्या जाणिवा आहेत, आणि त्यांच्या मागे दडलेलं, कुणालाच कधी न जाणवलेलं द्रव्य कुणी पाहिलंय ते दाखवा. मुठीने त्याच्याच बाजूची साक्ष दिली होती. आम्ही हसत होतो ते अजून पुरतं थांबलं नव्हतं आणि त्या हसण्यातच मुद्दा आत उतरला. पुस्तकातून तो मी आधी दोनदा वाचला होता, दोन्ही वेळा नुसता पाठ झाला. उंच मुलाने खाली वाकून घडी पुन्हा पायाखाली सारली, टेबल हलवून बघितलं आणि म्हणाला, “निदान डगमगणं तरी आता जाणवत नाही.”

न्यायदर्शन सुरू झालं तसा वर्गाचा रंगच पालटला. उशिरा येण्यावर मॅडमनी एक नियम काढला: कारण काहीही सांगा, पण पंचावयवी वाक्यात सांगा. न्यायातला तो डोंगर आणि धूर बहुतेकांनी ऐकलेला असतो. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. तर दुसऱ्या दिवशी आमचा नेहमीचा उशिरा येणारा मुलगा दारात उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला:

“मला उशीर होणं अटळ होतं. कारण माझी बस चुकली. ज्याची ज्याची बस चुकते त्याला त्याला उशीर होतो, जसा परवा मला. आजही माझी बस तशीच चुकली. म्हणून मला उशीर होणं अटळ होतं.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. खिडकीपाशी बसणारी मैत्रीण मात्र वाजवत नव्हती. “माझीही तीच बस चुकली,” ती म्हणाली. “मी चालत आले. अकराला पाच कमी असताना इथे होते.” क्षणभर शांतता, आणि मग सहाही जण एका सुरात ओरडलो, “सव्यभिचार!”

हेतू जिथे असतो तिथे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, नेहमी असतंच असं नाही, हेतू भरकटतो, म्हणजे व्याप्तीच, ‘जिथे जिथे हे तिथे तिथे ते’ ही सांगडच, बिघडलेली. या दोषाला न्यायात सव्यभिचार म्हणतात. शास्त्रात हा शब्द अगदी सोवळा आहे, पण रोजच्या मराठीत त्याचा अर्थ काय होतो हे मी सांगायला नको. आमच्या खोलीतून दिवसाआड हा शब्द मोठ्याने ऐकू यायचा, एखादा बाहेर येताना दुसऱ्याकडे बोट करून तोच म्हणायचा, आणि पॅसेजमधून जाणारे इतर विभागांचे विद्यार्थी जागच्या जागी थबकायचे. एकदा एक प्राध्यापक दारात येऊन “सगळं ठीक आहे ना?” असं फार काळजीने विचारून गेले.

हेत्वाभास, म्हणजे हेतूतले दोष, पाच, आणि पाचही आम्ही आमच्यावरच शिकलो. असिद्धाचं जुनं उदाहरण आहे: आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे. कमळ सुगंधी असेलही, पण आकाशात कमळ उगवतच नाही, मग वास कुणाला येणार? ज्याच्याबद्दल बोलायचं तेच नाही, हा आश्रयासिद्ध. एकाने टिपण लिहिलं नाही याचं कारण सांगताना म्हटलं की लायब्ररीतलं ते पुस्तक कुणीतरी नेलंय. चौकशी केली तर त्या नावाचं पुस्तक लायब्ररीत कधी आलंच नव्हतं. त्या दिवसापासून न लिहिलेल्या प्रत्येक टिपणाला आम्ही आकाशकमळ म्हणायला लागलो. “झालं का टिपण?” “उद्या उमलेल.”

तुपाच्या भांड्याची गोष्टही याच सुमारास आली. तूप घेऊन चाललेल्या तर्कशास्त्र्याला प्रश्न पडतो: पात्र तुपाला आधार की तूप पात्राला? खात्री करायला तो भांडं उपडं करतो. आपल्याकडे तूप गेलं की हाती धुपाटणं येतं. त्याच्या हाती निदान निश्चित ज्ञान आलं. मॅडम म्हणाल्या, हसा, पण त्याने तुमच्यासारखं नुसतं मत दिलं नाही, करून पाहिलं.

या सगळ्याने माझ्यात एक बदल झाला, तो अजून आहे. समोरचा ‘कारण’ म्हणाला की माझं लक्ष आपोआप त्या न बोललेल्या मधल्या वाक्याकडे जातं, ‘जिथे जिथे हे, तिथे तिथे ते’ या वाक्याकडे. माणसं खोटं बोलतात ती क्वचित प्रतिज्ञेत किंवा हेतूत. बहुतेक वेळा चूक त्या गृहीत धरलेल्या व्याप्तीत असते, आणि बोलणाऱ्यालाही ती माहीत नसते. स्वतःच्या बाबतीत हे पकडणं फार अवघड. सहा जण टपून बसलेले असले की थोडं सोपं होतं.

खोलीबाहेर पॅसेजमध्ये एक घड्याळ होतं, 11:20ला थांबलेलं. पुरतं थांबलेलंही नव्हतं. काचेवर धूळ, तासकाटा-मिनिटकाटा गारठलेले, पण सेकंदकाटा एकाच जागी थरथरत असायचा. जरा उचलायचा, पुन्हा तिथेच पडायचा. जवळ उभं राहिलं तर बारीकशी टिकटिकही ऐकू यायची. त्या घड्याळावर आमचं प्रेम जडलं ते ज्ञानाची व्याख्या शिकताना. ज्ञान म्हणजे काय? खरी असलेली, सयुक्तिक कारणांनी धरलेली समजूत, हे जुनं उत्तर. बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1948च्या पुस्तकात बंद घड्याळाचं उदाहरण दिलं आहे: घड्याळ बंद आहे हे माहीत नसलेला माणूस नेमक्या त्याच क्षणी त्याच्याकडे बघतो जेव्हा त्यातली वेळ बरोबर असते. त्याला वेळ ‘माहीत’ आहे का? 1963मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांच्या लेखात याच जातीचे दाखले देऊन ती व्याख्या खिळखिळी केली, आणि तत्त्वज्ञ अजून ती दुरुस्त करताहेत.

हे ऐकलं आणि कुणीतरी म्हणालं, “अकरा अठरा झालेत.” सगळे उठलो. मॅडमसुद्धा. आठ माणसं घड्याळाखाली माना वर करून उभी. समोरून येणारा एक विद्यार्थी आमच्याकडे बघून, मग घड्याळाकडे बघून, काही न बोलता वळसा घालून गेला. अकरा एकोणीस. सेकंदकाटा थरथरतोय. अकरा वीस.

“आता,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “हे घड्याळ बरोबर आहे. आपल्याला वेळ माहीत आहे का?”

“आहे, पण घड्याळामुळे नाही,” खिडकीजवळची म्हणाली, “माझ्या मनगटामुळे.”

“आणि मनगटावरचंही आत्ताच, याच क्षणी बंद पडलं असेल तर?”

तिने मनगट कानाशी नेलं. ती हालचाल माझ्या डोळ्यांपुढे अजून जशीच्या तशी आहे.

खोलीत परत आल्यावर मॅडमनी धर्मोत्तराचं उदाहरण सांगितलं. हा बौद्ध तर्कशास्त्रज्ञ आठव्या शतकातला, म्हणजे गेटियरच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचा. मांस भाजायला आग नुकतीच पेटवली आहे, अजून धूर निघालेला नाही. पण वासाने चिलटांचा थवा जमलाय. लांबून बघणाऱ्याला तो थवा धुरासारखा दिसतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच. पण त्याला ती कळली का? आमचा तोच डोंगर, तोच धूर, आणि धुराच्या जागी चिलटं! आम्हाला हर्षच झाला. त्यानंतर परीक्षेत बरोबर आलेल्या प्रत्येक उत्तराला विचारलं जायचं, “धूर की चिलटं?” काही वेळा प्रामाणिक उत्तर यायचं, “चिलटं.” आजही एखादी बातमी वाचताना, एखाद्याबद्दल माझा अंदाज खरा ठरल्यावर, मनात तोच प्रश्न येतो.

आता ते ‘मला धरून’.

बाहेर एका ठिकाणी व्याख्यान होतं, मॅडम आम्हाला घेऊन निघाल्या. बसमध्ये गर्दी, प्रत्येक जण मिळेल तिथे उभा. उशिरा येणाऱ्या मुलाने जबाबदारीने माणसं मोजली आणि त्याचा चेहरा उतरला. “सहाच आहेत. एक जण खाली राहिला.” पुन्हा मोजलं, सहाच. तो दाराकडे धावला, खिडकीतून बाहेर हाका मारायला लागला. कुणाला हाका मारतोय हे त्याला सांगता येत नव्हतं. आम्हीही घाबरून एकमेकांची तोंडं बघत होतो. मॅडम पुढच्या सीटवर बसून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्या उठल्या, त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, “दशमस्त्वमसि.”

वेदान्त आम्हाला अजून लागला नव्हता. ती गोष्ट आम्ही त्या बसमध्ये, दांडीला लोंबकळत ऐकली. दहा जण पूर आलेली नदी पार करतात. पलीकडे पोचल्यावर सगळे आलो ना म्हणून मोजतात. प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो, प्रत्येकाचे नऊ भरतात. दहावा बुडाला म्हणून सगळे ऊर बडवून रडायला लागतात. एक वाटसरू येतो, मोजतो आणि म्हणतो, दहावा आहे. मग मोजणाऱ्यालाच म्हणतो, दहावा तू आहेस. शंकराचार्यांच्या उपदेशसाहस्रीत हा दृष्टान्त आहे, आणि पंचदशी या वेदान्तग्रंथात तर त्याच्या सात अवस्था उलगडून दाखवल्या आहेत. ‘दहावा आहे’ हे ऐकणं म्हणजे परोक्ष, दुसऱ्याकडून कळलेलं ज्ञान. ‘तो मीच’ हे अपरोक्ष, थेट स्वतःला उमगलेलं. दुसऱ्या वाक्याने नवीन माणूस येत नाही, कुणी नदीतून वर काढला जात नाही. फक्त रडणं थांबतं.

यातला मला सर्वांत प्रिय तपशील पुढचा आहे. पंचदशीकार म्हणतात, दहावा सापडल्यावर रडणं तर थांबतं, पण रडताना डोकं आपटून झालेली जखम लगेच भरत नाही, ती सावकाश महिन्याभराने भरते. किती प्रेमळ निरीक्षण आहे हे! कळलं, तरी टेंगूळ राहतं. आणि दहावा जिवंत असल्याच्या आनंदात ते टेंगूळ सुसह्य होतं. त्या मुलाला आम्ही बरोबर महिनाभर चिडवलं, शास्त्राधार होता म्हणून.

पुढे ह्यूम हा स्कॉटिश तत्त्वज्ञ शिकताना हीच बस परत आली. ह्यूम म्हणतो, मी स्वतःच्या आत डोकावतो तेव्हा मला ऊब, गारवा, प्रेम, द्वेष असं काहीतरी सापडतं, ‘मी’ कधीच सापडत नाही. “ह्यूमचेही सहाच भरले,” उशिरा येणारा पटकन बोलून गेला. मॅडम खडू हातात धरून तशाच थांबल्या. मग पूर्ण तास त्यावर गेला. मोजणारा मोजला जाऊ शकतो का? वाटसरू कुठून येतो? ह्यूमच्या काठावर कुणी वाटसरू आलाच नाही, की वाटसरूची गरजच नाही, कारण दहावा कधी नव्हताच? आमच्यातल्या सगळ्यात अबोल मुलीला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते सांगितलं तेव्हा कुणीही हसलं नाही. मॅडमनी तिला ह्यूमचाच उतारा दाखवला: अशा विचारांनी काळोख दाटून येतो तेव्हा तो जेवतो, मित्रांशी गप्पा मारतो, बॅकगॅमनचा डाव टाकतो, आणि तीन-चार तासांनी परत आलं की तेच विचार त्याला थंड आणि ओढूनताणून केलेले वाटतात. हे लिहिणारा तरुण तेव्हा अजून तिशीतही नव्हता. “म्हणजे उत्तर मिळालं नाही,” ती म्हणाली. “नाही,” मॅडम म्हणाल्या, “पण तो परत लिहायला बसला, हे बघ.” त्या दुपारी आम्ही सगळे तिच्याबरोबर बराच वेळ त्या टेबलाभोवती बसून राहिलो. बुद्धिबळाचा पट कुणीतरी आणला होता. ती दोन डाव हरली, तिसरा जिंकली.

शेवटच्या वर्षाच्या अखेरीस एका सकाळी पॅसेजमध्ये शिरलो तर घड्याळ चालू होतं. कुणीतरी शिडी लावून काच पुसली होती, सेल बदलला होता. सेकंदकाटा डौलात गोल फिरत होता. आम्ही सातही जण (या वेळी नीट मोजले) खाली उभे राहिलो. खिडकीजवळच्या मैत्रिणीने मनगट वर केलं, ताडून पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

“मॅडम, हे पाच मिनिटं मागे आहे.”

“मग?”

“बंद होतं तेव्हा दिवसातून दोनदा तरी बरोबर असायचं. आता एकदाही नाही.”

उंच मुलगा म्हणाला, पण आता ते उपयोगी आहे, पाच मिळवले की झालं. उशिरा येणारा म्हणाला, त्याच्या मते ते प्रथमच योग्य वेळ दाखवतंय. अबोल मुलगी म्हणाली, पाच मिळवायचे हे आपल्याला दुसऱ्या घड्याळावरून कळलं, मग आपण विश्वास नेमका कशावर ठेवतोय? मॅडम दार उघडून उभ्या होत्या. “आत या, आत या,” त्या म्हणाल्या, “हे बसून बोलू.” त्या दिवशी परीक्षेसाठी उजळणी ठरली होती. ती झाली नाही.